चिंचेच्या पाण्यातला कोळसा

वाळवणी गावातल्या बायका हल्ली सकाळी उठून दुधाआधी कोठीचा दिवा बघतात. कोठी म्हणजे चांदीच्या प्रत्येक कारखान्याच्या मोरीला बसवलेला हंड्याएवढा डबा. आत कोळसा असतो, पण चुलीतला नव्हे. उसाचं पाचट बंद भट्टीत, हवा लागू न देता भाजून केलेला. त्यात इतकी बारीक छिद्रं, की चिमूटभर कोळशातल्या भिंती उलगडल्या तर देवळाचं अंगण झाकून जाईल. पैंजणांच्या कड्या झाळून जोडताना वापरलेलं विषारी कॅडमियम धुण्याच्या पाण्यात उतरतं आणि या भिंतींना चिकटून बसतं. भिंती भरल्या की दिवा लाल होतो. मग डबा कोळसा पुरवणाऱ्या केंद्रात परत करायचा आणि नवा आणायचा. तीन वर्षांत गावची विहीर पिण्याजोगी झाली होती.

हा कोळसा तयार करणारी अश्लेषा मगदूम गुरुवारी गावात आली ती एक कोडं घेऊन. तीन वर्षं साठलेले परतीचे डबे तिनं पहिल्यांदाच तपासले, तर त्यांतल्या कोळशात मीटरला कॅडमियम सापडेना. विहिरीतही नव्हतं. मग गेलं कुठे?

कारखानदारांच्या संघटनेचे बाहुबली आण्णा शेटे यांनी आधी चहा मागवला, मग भडंग. दोन जिनसा आल्या म्हणजे प्रकरण मोठं आहे, हे याच भागात वाढलेल्या अश्लेषानं ओळखलं. तिनं भडंग संपवलं, पण उठली नाही. तेव्हा आण्णांनी सांगितलं, की परत दिलेल्या डब्यांत चुलीचा कोळसा होता. खरा कोळसा घरीच ठेवलेला.

त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. वाळवणीत केर फुकट जात नाही. जमिनीची झाडलोट, हात धुतलेलं पाणी, कारागिरांच्या बुडाखालची जुनी पोती, सगळं जपून झारेकऱ्याकडे जातं, कारण त्यात चांदीचा कण असतो.

"तुमचा कोळसा विष धरतो," आण्णा म्हणाले, "मग चांदी काय सोडतो?"

सोडत नाही, हे अश्लेषाला कबूल करावं लागलं. तो कोळसा सध्या कुठं आहे, असं तिनं विचारलं. चाळीस पोती भरून हौसाक्काकडे, आण्णा म्हणाले. आज दुपारी ती भट्टी लावणार आहे.

अश्लेषा चप्पल अर्धवट अडकवून पळाली.

हौसाक्का ही गावातली शेवटची झारेकरी, सत्तरीची. केर जाळायचा, राख कुटायची, पाटीत धुऊन कण काढायचे, हा तिचा जन्माचा धंदा. भट्टीत लाकडं रचून झाली होती. धापा टाकत अश्लेषानं सांगितलं, की हे पेटलं तर तीन वर्षांचं कॅडमियम एका धुरात बाहेर पडेल आणि सगळ्या गल्लीच्या छातीत जाईल.

हौसाक्का खोकत ऐकत होती. "पिवळसर धूर? आमच्या घरधन्यांनी त्योच खाल्ला. मीबी थोडा."

"मग पेटवू नका, अक्का."

"न्हाई पेटवत. पण चांदी सोडा म्हणशील, तर ही माणसं उद्या पोती दुसऱ्या गावाला न्हेतील. तिथं कुठवर पळशील, पोरी?"

हौसाक्कानं मूठभर कोळसा उचलला आणि शेजारच्या घमेल्यात टाकला. त्यात चांदी उजळायचं चिंचेचं पाणी होतं.

"आंबटानं चांदी जात न्हाई, मळ जातो. तुझं इख म्हंजे मळच की."

अश्लेषानं मीटर पाण्यात बुडवला. आकडा चढू लागला. आम्लानं या कोळशाची पकड सुटते, हे तिला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत तिनंच ते केलं होतं. पण कोळशावर पकडलेली चांदी कण होऊन बसते आणि चिंचेला जुमानत नाही, म्हणजे आधी विष धुऊन मग चांदी काढता येते, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. चांदीचा विचार करायची तिला सवयच नव्हती.

तिनं हौसाक्काला बळेच हातमोजे घातले. नवरीला चुडा भरतात तसं वाटतंय, अशी कुरकुर करत म्हातारीनं पाटी फिरवायला घेतली. तिसऱ्या धुण्याला कोळशातलं कॅडमियम जवळजवळ संपलं. धुण्याच्या पाण्याचा आंबटपणा सोड्यानं मारून ते ताज्या कोळशातून गाळलं, तसं ते विष मूठभर कोळशात आलं. चाळीस पोत्यांचं मिळून दोन डब्यांत मावलं असतं. पहिली भट्टी मात्र प्रयोगशाळेच्या बंद धुराड्याखालीच लावायची, असं ठरलं. तेवढ्यात आण्णा आले, त्यांनी सगळं पाहिलं, आणि संघटनेच्या मनात पहिल्यापासून हेच होतं असं सांगून गेले.

हौसाक्का बरणीत भरलेला तो मूठभर कोळसा उजेडात धरून बघत राहिली.

"छातीत बसलेलं आसं धुऊन निघंल का गं?"

"अजून नाही, अक्का."

म्हातारीनं एकेक बोट सोडवत हातमोजा काढला. "अजून, म्हणालीस."

मीटर पिशवीत ठेवायला वाकलेली अश्लेषा तशीच थांबली. रक्त म्हणजे तरी काय, खारट पाणीच. त्यातून कॅडमियम तेवढं निवडून धरील, असा कोळसा कुणी भाजून पाहिलाय का?