दाराबाहेरचे बूट

आदल्या रात्री तिची झोप उडाली ती एका कडीपायी. अपघात, ताप, विसरलेली चार्जरची वायर, उद्या मुलीची वेणी कोण घालणार, या नेहमीच्या काळज्या तिनं बारापर्यंत उरकून टाकल्या होत्या. मग उरली ती कडी. ज्या लॉजवर उतरायचं, तिथल्या दाराला आतून धड कडी असेल, की नुसतं ते बटण दाबायचं कुलूप? कडी असलीच तर वर, मधे की पार खाली? शेजारी नवरा निवांत घोरत होता आणि ही अंधारात एका न पाहिलेल्या दाराची कडी लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. शिकलीसवरलेली बाई, लोकांच्या मुलांचे कान तपासते, आणि हिच्या स्वतःच्या डोक्यातला आवाज काही हिला बंद करता येत नाही.

कान तपासणं हे तिचं रोजचं काम. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, यंत्रातून बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. दूरगावच्या एका शाळेतली साठ मुलं दोन दिवसांत तपासायची होती. नेहमी जाणारी सहकारीण बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून पाळी हिच्यावर आली. मुलगी आता पाच वर्षांची. ती झाल्यापासून एकटीनं मुक्कामाला जायची ही पहिलीच खेप.

निघायच्या दिवशी सकाळी मोठी नणंद आली. पंधरा वर्षं औषधांची बॅग घेऊन गावोगाव हिंडलेली बाई. लॉज म्हणजे तिचं दुसरं माहेर. तिनं पिशवीतून पुरुषी बुटांचा जोड काढून टेबलावर ठेवला. काळे, चकचकीत, होडीएवढे.

"हे घेऊन जा. खोलीच्या दाराबाहेर ठेवायचे, बाहेर तोंड करून. आत पुरुष आहे असं वाटतं."

"कुणाचे आहेत, ताई?"

"कुणाचेच नाहीत. दुकानात दहा नंबर मागितला. मोठा पाय दिसला की लोक जरा विचार करतात."

"ह्यात मी आणि मुंगी दोघं राहू," नवरा म्हणाला. मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला सापडायचा, म्हणून ते नाव.

"तू गप रे. तुझे बूट ठेवले तर चोराला दया येईल." नणंद तिच्याकडे वळली. "खोली कुठली ते कुणाला सांगायचं नाही, एकटी आहेस तेही नाही. आणि कुणी दार वाजवलं की आधी मोठ्यानं 'अहो' म्हणायचं. बाहेर ऐकू जाईल असं."

"आणि उत्तर आलं नाही म्हणजे? बाहेरच्याला कळणार नाही?"

"अगं, उत्तराची सवय कुठल्या बायकोला असते!"

तिनं बूट उलटे करून पाहिले. तळवे कोरे करकरीत. खाली दुकानाची चिकटपट्टीसुद्धा तशीच होती. पंधरा वर्षं हा जोड शेकडो दारांबाहेर उभा राहिला होता आणि एक पाऊल चालला नव्हता.

पाचच्या सुमाराला ती पोचली. थंडीचे दिवस, उजेड आधीच मावळतीला लागलेला. लॉज बाजारपेठेतच होतं. खाली शिंप्याचं दुकान, समोर बसथांबा. काउंटरवरच्या मॅनेजरनं वही पुढे ओढली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"एकट्याच?"

"नाही, हे येतायत मागून."

वाक्य इतकं सफाईदार बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. मॅनेजरनं 'सोबत' असं छापलेल्या रकान्यात 'पती' लिहिलं.

"आले की वर पाठवू ना?"

"हो, पाठवा," ती म्हणाली.

खोली पहिल्या मजल्यावर, शेवटची. दाराला आतून पितळी कडी होती, चांगली अंगठ्याएवढी जाड. तिला इतकं हायसं वाटलं की त्या कडीचा मुका घ्यायचीच काय ती बाकी राहिली. मग तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, बाथरूम पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. फिनाइलचा वास, ओलसर गादीचा वास. बूट दाराबाहेर मांडले, बाहेर तोंड करून. कडी लावली.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. चादरी बदलणाऱ्या मावशी होत्या.

"उशी एक देऊ की दोन?"

तिनं घसा साफ केला. "अहो, तुम्हाला उशी लागते का हो?" ती रिकाम्या खोलीला म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. घरी नवऱ्याला ती अरे-तुरे करायची. 'अहो' ही हाक तिनं जन्मात कुणाला मारली नव्हती. ती हाक कुणाचीच नव्हती. आज पहिल्यांदाच तिच्या तोंडातून बाहेर पडली होती.

"दोनच द्या, मावशी."

सात वाजता खोलीतला फोन वाजला.

"मॅडम, साहेब आलेत. वर पाठवलंय त्यांना."

"कुठले साहेब?"

"तुमचे. चहा दोन पाठवतो." फोन ठेवलासुद्धा.

ती रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. नवऱ्याशी आत्ता दहा मिनिटांपूर्वी बोलणं झालं होतं. तो घरी मुंगीला भात भरवत होता. मग वर येतंय ते कोण? आणि मग तिच्या लक्षात आलं. कुलूप तोडायची कुणाला गरजच नव्हती. नुसतं काउंटरवर येऊन 'मी त्यांचा नवरा' म्हणायचं. वाट तर तिनं स्वतःच करून दिली होती.

जिन्यावर पावलं वाजली. आवाज ऐकणं हा तिचा धंदा. कान आपोआप कामाला लागले. जड पावलं, एका लयीतली, सावकाश. आणि अनवाणी. तळव्याची कातडी गार फरशीवर चिकटत होती, सुटत होती. ती पावलं मधल्या तीन दारांवरून पुढे आली आणि तिच्या दाराशी थांबली.

मग कातड्याचा करकर आवाज झाला. एक पाय. थोडं थांबून, दुसरा पाय. मग नाडी ओढून बांधल्याचा आवाज. दाराखालच्या फटीतून बुटांच्या पॉलिशचा वास आत यायला लागला. आधी अंधुक, मग घशाशी येईल इतका दाट.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं फटीतून पाहिलं. बुटांची तोंडं तिच्या बाजूला होती. बोटांवरचं कातडं हळूच ताणलं जात होतं, सैल पडत होतं, जसं आतला माणूस या पायावरून त्या पायावर भार घेतोय.

"उघड," आवाज आला. दमलेला, घरच्या माणसासारखा.

"कोण... कोण आहे?"

"तूच हाक मारलीस ना."

ती मागे सरकत फोनपाशी गेली. "काका, तो माझा कुणी नाही. लगेच वर या."

मॅनेजर समजूतदारपणे हसला. "साहेब म्हणालेच होते, ती उघडणार नाही म्हणून. होतं हो, भांडण होतं. बाहेर ताटकळत नका ठेवू माणसाला. घ्या आत."

"अहो काका, मी सांगतेय ना..."

"आम्ही नवराबायकोच्या मधे पडत नाही, मॅडम." फोन बंद.

"ऐकलंस?" दारापलीकडून आवाज आला. "ओरडलीस तरी हेच म्हणतील... वहीत लिहिलंय मी कोण ते. पंधरा वर्षं उभा आहे मी. हे दार, ते दार... सगळ्या हाक मारतात आणि आत मात्र कुणी घेत नाही. घे ना आता..."

आणि पितळी कडी हलली. कुणी हात न लावता एक बोटभर सरकली. तिनं दोन्ही हातांनी ती धरली. कडी गरम लागत होती, कुणाच्या तरी मुठीत बराच वेळ असल्यासारखी.

भीतीनं तिचे दात वाजत होते, आणि त्या वाजणाऱ्या दातांमधून तिला एकाएकी भयंकर राग आला. त्या बाहेरच्याचा आलाच, पण त्याच्याआधी त्या रकान्याचा. अठ्ठावीस वर्षांची बाई, पदरी नोकरी, हातात यंत्र, उद्या साठ मुलं वाट बघणार. आणि हिला एका रात्रीच्या झोपेसाठी दहा नंबरचा एक नवरा दाराबाहेर मांडावा लागतो! तिच्याकडे तपासायला येणारी काही मुलं आवाज नसतानाच हात वर करायची, मोठ्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांना ती हळूच सांगायची, "बाळा, आवाज नव्हता. नसताना हात वर करायचा नाही." आज तिनं स्वतः दोन्ही हात वर केले होते.

कडी आणखी अर्धं बोट सरकली. तिनं ती सोडून दिली.

सोडली आणि तडक खिडकीशी गेली. तिची दोन्ही झडपं धाडकन उघडली. खाली बाजार अजून जागा होता. शिंपी मशीनवर वाकलेला, बसथांब्यावर चार बायका, एक सायकलवाला.

"ऐका हो!" ती ओरडली. आवाज आधी चिरकला, मग मोकळा सुटला. "इकडे वर बघा! पहिला मजला, शेवटची खोली! मी इथे एकटी आलेय! माझ्याबरोबर नवरा नाही, भाऊ नाही, कुणी नाही! मी खोटं सांगितलं होतं! माझ्या दाराशी जो उभा आहे, तो माझा कुणी लागत नाही! मी एकटी आहे!"

नणंदेची एकही सूचना मोडायची राहिली नाही. खोली कुठली ते सांगून झालं, एकटी आहे ते सांगून झालं, सगळ्या बाजाराला सांगून झालं. शिंप्याची मशीन थांबली. बसथांब्यावरच्या बायका रस्ता ओलांडायला लागल्या.

तिच्या पाठीमागे, दाराबाहेर, कुणीतरी लांब श्वास सोडला. मग दोन हलके आवाज. टप्. टप्. रिकामं कातडं फरशीवर कलंडल्याचे.

जिन्यावर आता पुष्कळ पावलं होती, चपला घातलेली, धापा टाकणारी. सगळ्यांत पुढे मावशी, हातात फरशी पुसायचा दांडा.

"उघडा ताई, आम्ही आहोत. कुठंय तो मेला?"

तिनं दार उघडलं. बाहेर मावशी, शिंपी, थांब्यावरच्या दोन बायका. बाकी कुणी नाही. बूट आडवे पडले होते.

"जिन्यात कुणी भेटलं?"

"एकच तर जिना आहे," शिंपी म्हणाला. "आमच्या अंगावरूनच जावं लागलं असतं."

मॅनेजर मागून आला, चेहरा उतरलेला. "पण मी पाहिलं ना मॅडम. बोललोसुद्धा."

"कसा दिसत होता?"

"उंच होते. आणि तोंड..." तो अडखळला. "तोंड आठवत नाहीये. पण नवराच वाटले."

"कशावरून?"

"बोलले ना... हक्कानं."

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

तिनं बूट उचलले. आत अजून ऊब होती. तळवे झिजून पार कागद झाले होते, टाचेशी आरपार भोक. एवढं झिजायला माणसाला वर्षानुवर्षं चालावं लागतं. तिनं ते मागच्या कचराकुंडीत टाकले, काउंटरवर येऊन वही मागितली, 'पती' वर काट मारली आणि 'एकटी' लिहिलं. इतकं दाबून की पुढच्या तीन पानांवर उमटलं.

"ठळक झालं बघा," मावशी म्हणाल्या.

नणंदेला फोन केला. सगळं ऐकून तिनं आधी एकच विचारलं.

"तू मॅनेजरला काय म्हणालीस? नेमकं सांग."

"येतायत मागून. आले की पाठवा."

"पाठवा?" नणंदेचा आवाज बारीक झाला. "अगं, मी नेहमी नुसतं 'यायचे आहेत' म्हणायचे. पंधरा वर्षांत एकदाही कुणाला 'पाठवा' म्हटलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसलं... एकदोनदा वाटलं होतं. दाराबाहेर कुणी कूस बदलावी तसं. तू घरी ये आधी."

"काम झालं की येईन," ती म्हणाली. मावशींनी शेजारच्या खोलीत स्वतःचं अंथरूण टाकलं होतं. ती दिवा मालवून झोपली आणि आश्चर्य म्हणजे सकाळपर्यंत झोपली.

आठ वाजता, शाळेकडे निघताना तिनं घरी फोन लावला. मुंगीनं उचलला.

"बाबा कुठेत गं?"

"अंघोळ करतायत. आई, मी स्वतः वेणी घातली. एकच झाली." मग जरा थांबून, "आई, दारात कुणीतरी आहे."

यंत्राची पेटी तिच्या हातातून खाली आली. "मुंगे, ऐक. दार उघडायचं नाही. बाबांना हाक मार. आत्ताच्या आत्ता."

"थांब गं, ते काहीतरी म्हणतायत."

फोनमधून चिमुकली पावलं दाराकडे जाताना ऐकू आली. मग पलीकडचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण तिचे कान तयार होते: मोठा माणूस, दाराला अगदी चिकटून, दमलेला.

"आई, ते म्हणतात, तुझ्या आईनं मला पाठवलंय."

आणि मग मुंगी बोलली. तिच्याशी नाही, दाराशी, ज्या आवाजात ती बाहुल्यांना रागावायची त्या आवाजात:

"माझी आई कुणाला पाठवत नाही. तिला यायचं असलं की ती आपली आपण येते. जा!"