सहाच्या जागी साठ

"मामा, असशील तसा वर ये. ते गेले."

"कोण गेले?"

"सात नंबरच्या खाटेवरचे शिंपी. मोठे डॉक्टर म्हणतात, इन्सुलिन सहा सांगितलं होतं, गेलं साठ. आणि कॉम्प्युटर म्हणतो, साठ मी लिहिलं."

भाची वरच्या वॉर्डात नर्स होती. मामा फोन ठेवून तसेच जिन्याकडे धावले.

अख्खं इस्पितळ त्यांना कुलूपमामा म्हणायचं, आणि तेही काही लाडाने नव्हे. इथल्या कॉम्प्युटरवर काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, दोन मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन आपोआप बंद. इस्पितळाचे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात, आणि हे सगळे नियमही त्यांचेच. "अहो, हात धुवून येईपर्यंत स्क्रीन बंद!" अशी ओरड झाली की मामा म्हणत, "मग हात लवकर धुवा." लोक मनातल्या मनात काय म्हणत, ते न लिहिलेलंच बरं.

वॉर्डात अधीक्षक मॅडम उभ्या होत्या. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "संध्याकाळी चौकशी समिती बसेल. तुमची सख्खी भाची आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. नोकरी तर जाईलच, नर्सिंगचा परवानाही जाईल. तोवर काय सापडतं ते बघा."

मामा कॉम्प्युटरपुढे बसले. स्क्रीनवर अजून भाचीचंच नाव होतं. शिंप्यांचं पान उघडायला त्यांनी टिचकी मारली, तर पान उघडायचं सोडून भलतीच यादी खाली लोंबली. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"मेल्या, सरळ चाल की!"

"कालपासून असाच वेड्यासारखा करतोय," दुसऱ्या पाळीची सिस्टर म्हणाली. "मी कामावर आले तेव्हापासून. तुमच्याकडे तक्रार टाकलीय."

"माझ्या वेळी नीट होता," भाची पुटपुटली.

मामांनी चिडून माउस उचलला. खाली पट्टा नसलेलं एक मनगटी घड्याळ होतं, टिकटिकत.

"हे काय?"

भाचीने मान खाली घातली. "सेकंदकाटा खालून फिरत राहतो ना, त्यामुळे माउसला वाटतं कोणीतरी हलवतंय. मग स्क्रीन बंद होत नाही. सकाळी एकीने उघडायचा आणि दिवसभर सगळ्यांनी त्याच्यावरच काम करायचं."

"ही कोणाची अक्कल?"

"सगळ्यांची. मामा, एका हातात सलाईन, दुसऱ्या हातात पेशंट. तुझा पासवर्ड कितव्या हाताने टाकू?"

मामांनी रागारागाने कालची नोंद उघडून वेळ पाहिली.

"साठ लिहिलं गेलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"एका आजींना एक्स-रेला नेलं होतं. तिथेच माझी पाळी संपली, मी तशीच घरी गेले."

लिफ्टवाल्याने आणि एक्स-रेवाल्याने दोघांनीही तेच सांगितलं. दार सताड उघडं टाकून घरधनी गेलेला, आणि आत कोण शिरलं हे कोणालाच ठाऊक नाही! मामा उठून डॉक्टरांकडे गेले.

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत होते. उजव्या हातात फोन धरून बोलता बोलता ते समोरच्या कागदांवर सह्या करत होते. फोन संपला तशी मामांनी विचारलं, "शिंप्यांचा डोस तुम्ही बदललात?"

"तोंडी सांगितलं. आठ होता, सहा करा म्हटलं."

"कोणाला?"

"तुमच्या भाचीला."

"स्वतः का नाही लिहिलं?"

"कसं लिहिणार? तीनदा पासवर्ड चुकला म्हणून तुमच्या कुलपाने मला सकाळपासून बाहेर ठेवलं होतं. तक्रार केली. कोण फिरकलं?"

तक्रारी आल्या त्या क्रमानेच घ्यायच्या, हाही मामांचाच नियम होता.

"पोरीला वाचवायला आलात, कळतं मला," डॉक्टर म्हणाले. "पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

भाचीने मात्र शपथेवर सांगितलं, "काल डॉक्टर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत."

मामा पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. माउसची सेटिंग उघडून त्यांनी पाहिली आणि कपाळाला हात लावला. मग वॉर्डातल्या एकेकाला बोलावून कागदावर सही करायला लावली. "मामांचं डोकं फिरलं," वॉर्डबॉय कुजबुजला.

संध्याकाळी मॅडमच्या खोलीत समिती बसली. मामा उभे राहिले.

"माउस बिघडलेला नव्हता. त्याची बटणं उलटी केलेली होती. डावखुरी माणसं करतात तशी. मी या कॉम्प्युटरवरचं सगळं बंद केलंय, तेवढी एक सोय उघडी ठेवली होती. भाचीच्या वेळी बटणं सरळ होती, दुसऱ्या पाळीची सिस्टर आली तेव्हा उलटी. मधल्या वेळात डाव्या हाताचा कोणीतरी तिथे बसला. वॉर्डात सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सगळे उजवे. फोन उजव्या हातात धरून सह्या करणारं इथे एकच माणूस आहे, आणि काल त्याला स्वतःच्या नावाने कॉम्प्युटर उघडत नव्हता."

सगळ्यांच्या माना वळल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घाईत होतो," ते म्हणाले. "उघडा स्क्रीन दिसला, बसलो, लिहिलं. बोट शून्यावर पडलं असणार. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तो तर प्रत्येक वेळी विचारतो, ताप लिहिला तरी विचारतो. मी हो म्हटलं. आज सकाळी कळलं, आणि नाव तिचं होतं..."

भाचीला रडू फुटलं. मामांना वाटलं, सुटली पोर.

मॅडमनी समोरचा नियम वाचला. "आपलं लॉगिन उघडं ठेवलं, तर त्यातून जे घडेल त्याची जबाबदारी त्याच माणसाची. डॉक्टरांवर कारवाई होईल. पण मामा, हा नियम कोणाचा?"

"माझा."

"यात सूट कुठे आहे?"

नव्हती. मामांनी ठेवलीच नव्हती.

"मग दोघंही," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझा इलाज नाही. तिचं लॉगिन आजच बंद करा."

ते काम दुसरं कोणी करूच शकत नव्हतं. मामा खाली जाऊन खुर्चीत बसले. भाची मागे उभी होती. तिचं नाव यादीतून गेलं.

"आईला तूच सांग," भाची शेवटी म्हणाली. "मला नाही सांगवणार."

मामांनी बहिणीला फोन लावला. पहिल्याच घंटीला ताईने उचलला.

"काय रे, आज कशी आठवण झाली? पोरगी सकाळी न जेवताच पळाली बघ. काही खाल्लं का तिने?"