दुसरी हाक

सावली या तालुक्याच्या गावापासून थोडं आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, पाठ लावून बसलेलं मनसारामचं घर. २००९ साली त्या गावात घरी संगणक असलेला ढिवर, म्हणजे मासेमार, तो एकटाच, आणि त्याचं श्रेय त्याच्या पोरीचं. जया सावलीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासने नवी यंत्रं घेतली तेव्हा तिने एक जुनं घरी आणलं आणि मधल्या खोलीत धान साठवायच्या मातीच्या ढोलीशेजारी टेबलावर मांडलं. तिची माय कुंता त्याच्यावर जुनं लुगडं झाकायची, दसऱ्याला हळदकुंकू वाहायची आणि शेजारणींना सांगायची की हे यंत्र टीव्हीपेक्षा शहाणं आहे. टीव्ही नुसतं बोलतं, हे विचारतं.

त्या घरात एक रीत होती. दाराबाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. पहिली हाक कोणाचीही असू शकते, कुंताच्या सासूने तिला सांगितलं होतं. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर एकदाच मारून गप्प होतं. जया या रीतीची मनसोक्त थट्टा करायची. पण त्या पंधरवड्यात तिने थट्टा बंद केली होती.

कारण इतवारी. त्याने चोरून मासे धरायला तलावात जहर टाकलं आणि सकाळी सगळा तलाव पांढऱ्या पोटांनी भरला. मनसाराम मासेमारी संस्थेचा अध्यक्ष, त्यात रागीट. त्याने इतवारीची जाळी भर चौकात जाळली. दुसऱ्या आठवड्यात इतवारीने त्याच्या तोंडावर कुऱ्हाडीचा तुंबा, बोथट मागची बाजू, हाणला. मनसाराम चंद्रपूरच्या दवाखान्यात जबडा बांधून पडला होता आणि इतवारी जंगलात पळाला होता. पळताना साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून गेला, "बापाले सोडलो, पोट्ट्याले नाई सोडत!"

पोट्टा म्हणजे निकेश, जयाचा धाकटा भाऊ. पाळीवरच्या चिंचेखाली बसून तलाव राखणं त्याने सोडलं नाही. जयाने हातापाया पडून पाहिलं. "बाई, मी घरात लपलो तर तलाव गेला समज," एवढंच तो म्हणाला. शेवटी ठरलं ते असं, की दाराला दिवसासुद्धा अडसर असेल. निकेश परत येताना पाळीवरून दोन हाका मारील, आणि दुसऱ्या हाकेलाच अडसर निघेल.

रविवारची दुपार. निकेश जेवून पाळीवर गेला होता. जया न्हाणीतून केस पुसत आली तर मधल्या खोलीत टण्ण, टण्ण असा आवाज येत होता. पडद्यावर लाल ढाल, तिच्याखाली इंग्रजीत मोठा इशारा: तुमचा संगणक धोक्यात आहे. कुंता माउसवर हात ठेवून अंग चोरून उभी होती.

"माय, कुठी दाबलं तू?"

"पयले नाई दाबलं व मी. एकदा आलं, मी गप रायली. दुसऱ्यांदा आलं तवाच हो म्हटलं."

जयाला हसू फुटलं. त्या पंधरवड्यातलं पहिलं. क्लासमध्ये हा व्हायरसचा किडा तिने कितीदा काढला होता.

"माय, हे खोटं हाय. गळाले लावलेला गांडूळ हाय हा. इशारा म्हणते, पण त्याच्यातच जहर हाय."

"तुले कसं समजलं?"

"आपण मशीनीत टाकलेल्या औषधाचं नाव येगळं हाय. हे कोण हाय, आपण ठेवलं का याले? सारी मशीन एका दमात तपासली म्हणते, अशी तपासत नसते. फुली दाबली तरी जात नाई. अन् शेवटी कार्डाचा नंबर मागते. खरं असते ना, ते एकदा सांगते अन् गप आपलं काम करते. खोटंच घडीघडी ओरडते."

कुंताला ते पटलं नाही. तिच्या हिशेबी घडीघडी बोलावतो तो माणूस. पण पोरगी मास्तरीण, म्हणून ती माउस सोडून ढोलीपाशी बसली.

जयाने आधी इंटरनेटची तार उपटली. ढाल हलली नाही. ते साहजिकच होतं, किडा आत उतरला की तारेची गरज उरत नाही. पडद्यावरच्या खिडकीत फायलींची नावं भराभर सरकत होती. ही नावंही खोटी असतात हे तिला ठाऊक होतं. घाबरवण्यापुरती कसलीतरी अगडबंब नावं.

मग सरकणं मंदावलं आणि तिला नावं वाचता आली. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. छपरी. न्हाणी. सांदवाडी. त्यांच्याच घराच्या जागा, पडवीपासून परसापर्यंत.

निकेशने कधी घराचा नकाशा केला असेल, तिने मनाला समजावलं. किडा यंत्रातलीच नावं उचलतो.

पाळ.

चिंच.

चिंचेवर यादी थांबली. ती ओळ लाल झाली, पुढे आकडा उमटला. धोका, एक. टण्ण.

"काय म्हणते?" कुंताने विचारलं.

बोलायला नको होतं. पण यादी वाचता वाचता तो शब्द जयाच्या तोंडून निघून गेला. "चिंच."

कुंता उठली ती थेट अडसराकडे धावली. जयाने तिला मागून कवळा घालून धरलं. इतवारी कुठे दबा धरून असेल काय भरवसा, आणि एका खोट्या खिडकीपायी माय उघड्या पाळीवर धावणार! "सोड मले! माह्यं लेकरू हाय तिथी!" कुंताने तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. जयाने तिला ढोलीवर रेटलं आणि फाडकन थोबाडीत मारली. ढोलीची माती खाली पडली. आईवर हात उगारायची ही तिची पहिलीच वेळ. मनगटातून रक्त येत होतं.

"खोटं हाय ते, माय! खोटंच घडीघडी ओरडते, सांगतली ना तुले? हे पाह्य, आत्ता काढतो मी."

कुंता जमिनीवर बसली. टण्ण, यंत्र म्हणालं. टण्ण.

जयाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एक बटण दाबत राहिली. सेफ मोड आला, काळ्या पडद्यावर चारही कोपऱ्यांत तेच दोन शब्द. यात फक्त गरजेपुरतं चालतं, किडा झोपलेला असतो. तिने यंत्र चालू होताना आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली. अर्थ न लागणारं एक नाव सापडलं, त्याच दुपारी तयार झालेलं. मग तिने छपरी शोधलं, चिंच शोधलं. साऱ्या यंत्रात असं एकही नाव नव्हतं.

टण्ण.

ती थबकली. सेफ मोडमध्ये आवाज नसतो. आवाजाचा भाग सुरूच होत नाही. तिने स्पीकरची पिन उपटून हातात घेतली.

टण्ण. या वेळी बारीक, भिंतीच्या पलीकडून आल्यासारखा. पलीकडे पाळ होती.

तिला भीती वाटली, आणि भीतीचा तिला भयंकर राग आला. तिने ते नाव यादीतून काढलं, त्याचं घर शोधलं, फोल्डरसकट पुसलं, कचरापेटीतूनही पुसलं. बटणं इतक्या जोरात आपटली की एक उखडून खाली पडलं.

आवाज थांबला.

"पाह्य," ती म्हणाली. "गेलं."

घरात शांतता पसरली. पाळीवर कोणी पक्षीही ओरडत नव्हता.

मग हाक आली.

"माय व!"

निकेशचा आवाज. पाळीवरून, स्वच्छ.

जया अडसराकडे झेपावली. आता कुंताने तिचा पाय धरला. दोन्ही हातांनी, सारं अंग टाकून.

"थांब. दुसरी येऊ दे."

"माय, निकेश हाय तो!"

"ठरलं हाय ना? दुसरी येऊ दे."

दोघी कान देऊन राहिल्या. जयाच्या मनगटातलं रक्त मायच्या कपाळावर ठिबकत होतं.

दुसरी हाक आली नाही.

जयाने लाथ मारून पाय सोडवला, अडसर फेकला आणि धावत सुटली. निकेश चिंचेखाली पालथा पडला होता, तोंड गाळात. गळ्यावरचा घाव हाडापर्यंत गेला होता आणि रक्त अजून उष्ण होतं. मुठीत कोणाच्यातरी सदऱ्याची बाही होती. जयाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ते नको तितकं मागे गेलं. ती जे ओरडली ते ऐकून गाव धावलं.

पोलिसांनी इतवारीला राजुऱ्यात पकडलं. ठाण्यात जयासमोरच त्याने कबुली दिली, मान वर करून.

"मागून तोंड दाबलो अन् घाव घातलो. हूं का चूं करू नाई दिलो त्याले."

"हाक मारली त्याने," जया म्हणाली. "आम्ही आयकली."

"कायनं मारेल तो?" इतवारी हसला. "गळाच नव्हता ना."

जयाने त्यानंतर यंत्र लावलं नाही. तारा गुंडाळून माळ्यावर टाकल्या, स्पीकर कोणाला देऊन टाकले. खोटा इशारा कसा ओळखायचा हे ती क्लासमध्ये अजून शिकवायची, पण फळ्याकडे तोंड करून. घडीघडी ओरडणारं खोटं, एकदाच सांगणारं खरं. लिहिताना तिचा खडू मोडायचा.

हिवाळ्यातली दुपार होती. मनसाराम जबडा दाखवायला चंद्रपूरला गेलेला. जया ढोलीजवळ बसून वह्या तपासत होती, कुंता चुलीपाशी मासे खवलत होती. विळा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आली रे, बाबू," कुंता म्हणाली.

खवल्यांनी भरलेले हात लुगड्याला पुसत ती दाराकडे निघाली.

"माय, कोणाले ओ दिली?"

कुंताने अडसरावर हात ठेवून मागे पाहिलं. कित्येक महिन्यांनंतर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"तुले आयकू नाई आली? दोनदा हाक मारली ना त्यानं."

जया उठूच शकली नाही. हाक तिलाही ऐकू आली होती. निकेशचाच आवाज, पाळीकडूनच.

पण एकदाच.

कुंताने अडसर काढून भिंतीला टेकवला.