संध्याकाळचं दूध

चतुराबाईंचं पत्र आलं तेव्हा वाटूरच्या मोसंबीला फुलं होती. पाकिटात त्यांनी एक फूल घातलं होतं. आता झाडांवर बोराएवढी हिरवी फळं धरली असतील, आणि कालपर्यंत मी उत्तर दिलेलं नव्हतं.

फुलाला वास असणारच. मला मात्र येत नाही... या आजारात वास आधी जातो. तरीही ते फूल मी नाकाशी धरतो, आणि उजवा हात थरथरायला लागतो.

मी राधेश्याम. मंठ्याच्या वाचनालयात आयुष्यभर ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही – विचार करता करता राहून गेलं. अशा माणसानं प्रेमाची गोष्ट सांगावी का, हा प्रश्न रास्त आहे. पण ती घडली माझ्यासोबतच, त्याला मी तरी काय करू?

दिवाळीनंतर जालन्याच्या डॉक्टर तृप्तींनी मला खोलीत चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, दोन ओळी लिहून घेतल्या. दुसरी ओळ पहिलीपेक्षा बारीक आली होती.

"पार्किन्सनची सुरुवात आहे, काका," त्या म्हणाल्या. "लवकर कळलं हे चांगलं झालं. हा आजार मुळातून जात नाही, पण गोळीनं हालचाल पुष्कळ सुधारते."

गोळ्या विकत घेतल्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवल्या. एकदा सुरू केल्या की सुटका नाही, पुढे त्यांचा असर कमी होतो, असं कुठेसं वाचलं होतं. वाचलेलं मला फार लवकर खरं वाटतं. पिशवीत वनौषधींचं एक जुनं पुस्तकही होतं. त्यात कंपवातावर कवचबीज सांगितलं होतं, शेजारी मखमली शेंगांचं चित्र.

परतीच्या वाटेवर गाडी वाटूर फाट्यावर चहाला थांबली. खिडकीतून बघतो तर समोरच्या शेताच्या कुंपणावर अगदी त्याच शेंगा! मी गाडी सोडली, पुस्तक काखेत मारलं आणि मूठभर शेंगा ओरबाडल्या.

खाजेबद्दलची ओळ पुढच्या पानावर होती.

"अगं माय! खाजकुहिलीला हात लावला का काय?"

हिरव्या लुगड्यातली एक बाई बांधावरून धावत येत होती. केस बरेचसे पांढरे, चाल मात्र तरुण.

"खाजवू नका! बिलकुल न्हाई! जितकं खाजवाल तितकं पसरंल."

त्यांनी म्हशीखालचं ओलं शेण उचललं, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले आणि खसाखसा चोळले. बाईनं माझा हात धरण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ... शेणासकट.

"पुस्तकात बघून तोडल्या वाटतं?"

"हो."

"मंग पुस्तकानंच चोळायचे होते की हात!" त्या हसल्या. धुतलेले हात मी मांडीवर ठेवले आणि त्यांचं हसू थांबलं. "हा उजवा अजून थरथरून राह्यला. खाज गेली न्हाई का?"

"तो खाजेनं नाही. आजार आहे. आजच कळलं."

"घाबरलात?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"मंग आधी दूध घ्या. रिकाम्या पोटी घाबरू न्हाई."

म्हशीचं घट्ट दूध. पेला दोन्ही हातांनी धरला तरी थोडं हिंदकळलंच. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चतुराबाई माझ्या मनात शिरल्या असतील तर त्या क्षणी.

"बियांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "दुधात शिजवायच्या, साल काढायची, तुपात भाजून कुटायच्या. माझी सासू कंबरेसाठी करायची. तुम्ही फक्त हात लावू नका."

"न्यायला कधी येऊ?"

"जल्दी काय हाय?" त्या वळल्या, चार पावलं गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "सोमवारी या."

मी सोमवारी गेलो. नंतर गुरुवारी. मग वार बघायचंच सोडलं. मी गेलो की चतुराबाई भुकटी दुधात ढवळून द्यायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर बसायच्या. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मल्हारी शेत आणि म्हशी बघायचा. मी त्यांना वाचलेल्या गोष्टी सांगायचो, त्या मला वास सांगायच्या.

"आज कसला वास आहे?"

"आज? चुलीचा. आन् कुणीतरी डोक्याला लई तेल लावून आलंय, त्याचा."

मी ओशाळून डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या खेपेला त्याच तेलाचे दोन थेंब जास्त लावले.

पण मधल्या काळात एक घोळ होऊन बसला. डॉक्टर तृप्तींचा फोन आला, "काका, गोळी सुरू केली ना?" मला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो, आणि खोटं नको म्हणून त्याच दिवसापासून गोळी सुरू केली. डॉक्टरांना भुकटीचं सांगितलं नाही, चतुराबाईंना गोळीचं. बांधाआड उभं राहून गोळी गिळायची आणि लगेच आत जाऊन भुकटीचं दूध प्यायचं. कधी अंग पिसासारखं हलकं वाटायचं. कधी गोळी घेतली की नाही असं वाटायचं, कधी नुसतं मळमळायचं.

हुरड्याच्या दिवशी आगटीजवळून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्ध आली तेव्हा डोकं चतुराबाईंच्या मांडीवर होतं, आणि माझ्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात.

"हे काय?"

"गोळ्या..."

"कधीपासून घेऊन राह्यले?"

"महिना झाला असेल."

"आन् माझी भुकटी?"

"तीही."

"दोन्ही? एका टायमाला? अहो पुस्तकवाले, बैलगाडीला इंजिन जोडून राह्यले का तुम्ही!" आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "जीव गेला असता तर? मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भुकटी बंद केली असती. मग मी कशाच्या निमित्तानं आलो असतो?"

हुरडा तडतडत होता. त्यांनी पदर तोंडावर धरला – हसू लपवायला की रडू, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला जालन्याला नेलं. भुकटीचा डबा त्यांनी डॉक्टर तृप्तींच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "मावशी, तुमच्या बियांत खोटं काही नाही. या गोळीत जे औषध असतं तेच त्यांतही असतं. पण गोळीत किती ते मला माहीत आहे. तुमच्या चमच्यात किती, ते ना तुम्हाला माहीत, ना मला. दोन्ही मिळून जास्त झालं, रक्तदाब उतरला, म्हणून चक्कर आली. मी म्हणेन गोळीच ठेवा. चालणं, व्यायाम, मोठ्यानं वाचणं, रेघांच्या कागदावर मोठं अक्षर काढणं, हेही गोळीइतकंच मनापासून करा."

"बराबर," चतुराबाई म्हणाल्या. "मंग तुम्ही गोळी कशासोबत घेता, तेही सांगा डॉक्टरीणबाईला."

"दुधासोबत," मी पुटपुटलो.

"तरीच! दुधानं या गोळीचा असर अडतो. गोळी पाण्यासोबत, जेवणाच्या अर्धा तास आधी."

चतुराबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माझं दूध..."

"दूध द्या की. संध्याकाळी द्या, गोळीपासून लांब. आणि एक, मन उचंबळलं की हात जास्त थरथरतो, भीतीनं असो की आनंदानं. त्याला भ्यायचं नाही."

चतुराबाई हळूच माझ्याकडे वळल्या. "तरीच माझ्या बांधावर आले की लईच थरथरतो."

मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रात खोल लक्ष घातलं.

परतीच्या गाडीत हात पुन्हा सुरू झाला. चतुराबाईंनी तो उचलून आपल्या हातात घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. "हा तुमच्यासारखा न्हाई," त्या म्हणाल्या. "हा लपवत न्हाई."

वाटूर फाटा येऊच नये असं वाटत होतं.

संक्रांतीनंतर त्यांचं पत्र आलं. फोनवर सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र.

'राधेश्यामराव, दूध संध्याकाळी द्यायचं ठरलं. पण मंठ्याची शेवटची गाडी संध्याकाळच्या आधीच जाती. म्हणून विचारते. इथंच राहायला याल का? लग्न म्हणा, सोबत म्हणा, तुम्हाला जो शब्द पुस्तकात चांगला वाटंल तो. मल्हारीला विचारलं, तो हो म्हणला. लेखी कळवा.'

वाचून मी खोलीत गोल गोल फिरलो. आणि मग... विचार करत बसलो. आजार वाढणार. उद्या गुंडी लावता येणार नाही, परवा घास. त्या हसऱ्या बाईला मी माझी परिचारिका करायचं? शिवाय उत्तर लिहायला घेतलं की तिसऱ्या शब्दापासून अक्षर मुंगीएवढं. पाच कागद फाडले, आणि उत्तराशिवाय वाटूरला जायचा धीरही झाला नाही.

काल बाजाराच्या दिवशी मी जुन्या सवयीनं वाचनालयात बसलो होतो, तिथे मल्हारी आला. मिशीवाला, धिप्पाड गडी. पुस्तकांमध्ये उगीच अंग चोरून उभा राहिला.

"काका, आई रोज संध्याकाळी एक पेला दूध जास्तीचा काढून राह्यली. तुम्ही येत न्हाई, मंग ते मांजरीला घालती. मांजर लई माजली. काय ते एकदाचं कळवा."

"मल्हारी, माझा आजार वाढणार आहे रे. तुझ्या आईला –"

"तिला माहीत न्हाई का? जालन्याला तुम्ही खाली गोळ्या घ्यायला गेल्ते, तवा तिनं डॉक्टरीणबाईला समदं विचारलं. पुढं काय व्हईल, कधी व्हईल, कोण उचलंल, कोण भरवंल. समदं ऐकून घेतलं, मंग पत्र लिहिलं."

मी खुर्चीवर बसलो. माझ्या साऱ्या शंका ज्या बाईसाठी होत्या, तिनं त्या माझ्याआधीच विचारून टाकल्या होत्या.

"तोंडी सांगू का काही?" त्यानं विचारलं.

"नको. लेखी हवंय त्यांना."

आज सकाळी गोळी घेतली, पाण्यासोबत. अर्ध्या तासानं दुरेघी वही उघडली आणि वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत, पहिलीतल्या पोरासारखं मोठं अक्षर काढलं. शेवटी जरा बारीक झालंच. पण वाचता येतं.

पोस्टाच्या लाल पेटीपाशी हात असा काही थरथरायला लागला की पाकीट फटीच्या कडेवर टकटक वाजू लागलं. एक बाई थांबून बघायला लागली. एरवी मी हात खिशात घातला असता. आज म्हटलं, वाजू दे.

पाकीट आत पडलं. त्यात एवढंच आहे –

'चतुराबाई, शब्द लग्न हाच चांगला. रविवारी येतो. मांजरीला सांगा, संध्याकाळचं दूध आता माझं.'