पुस्तक, सीडी की सुजय?

स्वप्ना जिना चढून कॉम्प्युटर क्लासच्या दारात पोहोचली आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. पंखा कुरकुरत थांबला, सगळे मॉनिटर काळे पडले आणि टेबलामागचा मुलगा तोंडातला बटाटावडा गिळावा की लपवावा या विचारात तसाच बसून राहिला.

"बसा ना मॅडम," शेवटी तो कसाबसा म्हणाला. "मी सुजय. चौकशी, प्रवेश... सगळं माझ्याकडेच."

वसई पश्चिमेला एका बेकरीच्या वर आग्नेल सरांचा हा क्लास होता. खालून गरम पावाचा वास वर येत होता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं.

स्वप्ना गोखिवऱ्याची, स्टॅटिस्टिक्स घेऊन नुकतीच बी.एस्सी. झालेली. अंधेरीच्या एका कंपनीत दिवाळीनंतर तिची मुलाखत होती. कॉम्प्युटरवर डेटा मायनिंग, म्हणजे ढीगभर आकड्यांतून कामाची माहिती शोधणं, यायलाच हवं, अशी अट होती. आणि ही नोकरी हुकली, तर मामांनी आणलेलं नाशिकचं स्थळ बघायचं, असं आईने बजावून ठेवलं होतं.

"डेटा मायनिंग म्हणजे नेमकं काय शिकवता?" तिने विचारलं.

सुजयने माहितीपत्रक उलटंसुलटं केलं. "म्हणजे... डेटा असतो. आणि मग त्याचं... मायनिंग."

"खोदकाम?"

"हो. पण एसीत बसून."

तिला हसू आवरेना. त्याचे कान लाल झाले.

"मला तीन गोष्टींतून निवड करायचीय," ती म्हणाली. "कॉलेजच्या लायब्ररीतलं जाडजूड इंग्रजी पुस्तक, तुळिंजच्या दुकानातली शिकवणीची सीडी, नाहीतर तुमचा क्लास. खरं सांगा, मी तुमची सख्खी बहीण असते तर काय सांगितलं असतं?"

"बहीण नको हो..." तो चटकन बोलून गेला आणि जीभ चावली. "म्हणजे, मला जरा वेळ द्या. बघून सांगतो."

आणि त्याने खरंच बघितलं. सीडी विकत आणली, पुस्तक मित्राकडून मागवलं. एरवी तो क्लासहून घरी गेला की आगाशीच्या केळीच्या वाडीत वडिलांच्या हाताखाली राबायचा. आता पुस्तकात तोंड खुपसून बसू लागला. स्वप्ना येता-जाता डोकावायची. तो वाडीतली सुकेळी कागदात बांधून तिच्यासाठी ठेवायचा. वाळवलेल्या केळ्यांचा तो गोड, चिकट तुकडा चघळत ती त्याचा अहवाल ऐकायची.

"सीडीतले मास्तर भरभर बोलतात आणि तिसऱ्या धड्यात अडकतात. बिचारे तोंड उघडं ठेवून तसेच राहतात."

"आणि पुस्तक?"

"उत्तम आहे. मला रोज छान झोप लागते."

"आणि क्लास?"

तो तिच्या कपाळावरची घामाने चिकटलेली बट बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक्सेल छान शिकवतात सर. पण ते मायनिंग... ते सर स्वतःच अजून शिकतायत. तुम्ही पुस्तकच घ्या. सरावाला फक्त कॉम्प्युटर—"

"वा, सुजय!" मागून आवाज आला. दारात आग्नेल सर उभे होते. "तू माझा माणूस की पुस्तकवाल्याचा? उद्यापासून येऊ नको, बाबा."

दुसऱ्या दिवशी सुजय आला नाही. आली ती स्वप्ना, तरातरा जिना चढत.

"सर, तो खोटं बोलला असता तर मी प्रवेश घेतला असता आणि नंतर अख्ख्या गोखिवऱ्यात तुमची बदनामी केली असती. त्याने तुमचा क्लास वाचवलाय!"

सरांनी चष्मा पुसला. "तुला ते पुस्तक समजतं?"

"स्टॅटिस्टिक्सचा भाग समजतो."

"मग तेवढा तू इथल्या मुलांना शिकव. बदल्यात कॉम्प्युटर हवा तेवढा वापर. आणि त्या गाढवालाही बोलाव. शिकायला बसू दे. विकतो ते आधी कळायला हवं त्याला."

सुजय पहिल्या बाकावर बसू लागला. साधी सरासरी काढायलाही त्याला रोज नव्याने समजावावं लागे. ती त्याच्या खुर्चीमागे वाकून दाखवायची, तेव्हा तो श्वास रोखून धरायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

दिवाळी झाली, मुलाखत झाली. एका संध्याकाळी स्वप्ना धापा टाकत आली. "मिळाली! सोमवारपासून रुजू!"

सर टाळ्या वाजवत पेढे आणायला खाली गेले. सुजय तेवढा हसला नाही.

"म्हणजे... आता इथे येणार नाहीस."

"कसं जमेल?"

"मी ते सगळं तुझ्यासाठीच शिकत होतो गं," तो की-बोर्डकडे बघत म्हणाला.

"माहितीये. सरासरी काढायला इतक्या वेळा कुणी चुकत नाही. मुद्दाम चुकायचास ना?"

"नाही..." तो ओशाळला. "ते खरंच चुकायचो."

ती खळखळून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. पर्स खांद्याला अडकवत ती दारापाशी गेली, थांबली...

"रविवारी काय करतोस?"

"रविवारी? क्लास बंद असतो."

"म्हणूनच विचारतेय, वेड्या!"