शंभर किलोमीटर झाल्यावर

टॉर्च कसा धरावा हे मी आजवर कुणालाच शिकवू शकलेले नाही. आमच्या गॅरेजातला मामा तो माझ्या डोळ्यांवर धरतो आणि बाबांचं सगळं लक्ष गप्पांत, त्यामुळे उजेड छतावर. म्हणून त्या रविवारी सकाळी, पंक्चर गाडी घेऊन आलेल्या माणसाने न सांगता टॉर्च उचलून नेमका बोल्टवर धरला, तेव्हा मी मान वर करून त्याच्याकडे बघितलंच.

"सवय आहे," तो म्हणाला. "दातांचा डॉक्टर आहे मी."

तरीच.

चाक चोरीला जाऊ नये म्हणून एक बोल्ट कुलपाचा असतो, त्याची किल्लीही वेगळी. याच्या किल्लीचे दाते झिजलेले आणि बोल्ट गंजून बसलेला. बाकीचे चार मी चुटकीसरशी सैल केले. हा काही ऐकेना.

"आज पोचायलाच हवं," तो म्हणाला. "उद्यापासून नवीन दवाखाना. इथून पन्नास किलोमीटर. सगळं घर मागच्या सीटवर आहे."

म्हणजे बोल्ट निघाला की हाही निघाला. ओळख अर्ध्या तासाची, तरी मला उगाच वाईट वाटलं. पण काम मुद्दाम रेंगाळवणं माझ्याच्याने होत नाही.

बोल्टवर तेल सोडून थोडं थांबले. मग एक नंबर लहान सॉकेट त्याच्यावर हातोडीने ठोकून बसवला, लांब पाना लावला आणि... आधी आवळला.

"उलटं?"

"केसभरच. गंजाची पकड मोडते. एकदम ओढला तर तुटतो."

"दाताचंही असंच," तो हळूच म्हणाला. "पण इतका सुंदर हात मी कुणाचा पाहिला नाही."

"पेशंटशीही असंच गोड बोलता?"

"बोलतो ना. त्यांना उत्तर देता येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून जरा घाबरत बोलतोय."

मी हसले आणि पाना निसटला. टॉर्च मात्र जागचा हलला नाही. पुन्हा लावला, श्वास रोखून जोर दिला... कट्ट. सुटला.

माझ्या काळ्या हातांकडे त्याने असं पाहिलं, की ते लपवावेसे वाटले नाहीत.

स्टेपनी चढवून, कुलपाच्या बोल्टच्या जागी साधा बोल्ट लावून मी म्हटलं, "शंभर किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळून घ्या. कुठल्याही गॅरेजात करतात."

"कुठल्याही?"

"हो." जीभ जड झाली, पण खरं तेच होतं.

तो गेला. बाबा म्हणाले, "काम झकास केलंस. मग तोंड का उतरलंय?"

"ऊन लागलं."

"सावलीत?"

चार वाजता तीच गाडी पुन्हा दारात. मागची सीट रिकामी. त्याने काच खाली केली.

"पन्नास जायचे, पन्नास यायचे," तो म्हणाला. "शंभर झाले."

"वाटेत सहा गॅरेजं लागतात."

"सात. पण मला... तुमच्याजवळच यायचं होतं. दर रविवारी आलो तर चालेल?"

बोल्ट आवळायला टॉर्च लागत नाही. भर उन्हात तर नाहीच नाही. मी खिळ्यावरचा टॉर्च काढला आणि त्याच्या हातात दिला.