बटण लागतंय तोवर

"वन्सं, ही पँट उलटी करा," भावजय म्हणाली, आणि हातातली प्लास्टिकची पिशवी तिने शिलाई मशीनच्या पाटीवर ठेवली... ठेवली कसली, टाकली!

ताईचा पाय पायडलवर होता तसाच राहिला. पिशवीत निळ्या गणवेशाची पँट होती, दोन्ही पायांवरून कात्रीने सरळ चिरलेली. इस्पितळात घाई असली की ते लोक बटणं काढत बसत नाहीत, कापड कापतात.

काल सकाळची गोष्ट. ताईचा धाकटा भाऊ बसचा ड्रायव्हर. अकराच्या फेरीला, शेवटच्या थांब्यावर गाडी वळवताना त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून ओल्या टॉवेलसारखा घसरला. तरी पठ्ठ्याने डाव्या हाताने गाडी दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध अशी उभी केली की परीक्षकाने मान डोलवावी. हँडब्रेक ओढला, उतारूंना काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी नुसती लाळ आली.

ताईने पँट उलटी केली नाही. आत काय आहे ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"नका करू. मी केली काल, बाकावर बसून," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवेना. "डॉक्टरांनी विचारलं, पोट कधीपासून सुटलंय? मी छाती काढून सांगितलं, वाटतं तेवढं सुटलेलं नाही डॉक्टर, सहा वर्षं हीच पँट घालतात. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जशी मी आंधळी. मग नर्सने ही हातात दिली. नऊ वेळा उसवलीय. बाजूंना पट्ट्या, मागे पाचर. मी सुईची भोकं मोजली, वन्सं."

आता ही पँट म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. डेपोने सहा वर्षांपूर्वी गणवेशाचं शेवटचं कापड दिलं, आणि ते इतकं चिवट होतं की बसचे टायर झिजले, रस्ते झिजले, दोन डेपो मॅनेजर निवृत्त झाले, कापड होतं तसंच. त्याच सुमारास भावाचं अंग फुगायला लागलं. दिवसभर बैठक, प्रत्येक फेरीला गोड चहा, चहासोबत तळलेलं काहीतरी. डेपोत त्याला सगळे 'डबलडेकर' म्हणायचे. स्टिअरिंगची खालची कड पोटावर घासून घासून शर्टाला तिथे आरशासारखी चकाकी आली होती, तिच्यात बघून कंडक्टर भांग पाडतो असं लोक सांगत.

भावजय रोज म्हणायची, एकदा तपासून या, रक्त तरी द्या. भाऊ डॉक्टरचं नाव काढलं की पांढरा पडायचा, आणि ते हसण्यावारी न्यायला त्याने एक वचन देऊन टाकलं. "ज्या दिवशी ह्या पँटचं बटण लागणार नाही, त्या दिवशी स्वतःच्या पायाने दवाखान्यात जाईन. बटण लागतंय तोवर मात्र तोंड बंद."

भावजयीने ते मान्य केलं. रोज सकाळी ती त्या बटणाकडे बघायची. डोळे एक सांगायचे, बटण दुसरंच सांगायचं, आणि वचन बटणाचं होतं.

एका दुपारी भाऊ ताईच्या दुकानात आला. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा आणि पडद्याआड माप घ्यायची जागा. दार लोटून घेत म्हणाला, "ताई, अर्धा इंच सोड की. आणि हिला सांगू नकोस."

ताईने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला तो नऊ वर्षांचा दिसला. बाप जेवता जेवता खुर्चीतून कलंडला होता, सत्तेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टर येऊन मान हलवून गेले, आणि हे पोर टेबलाखाली लपून ते सगळं बघत होतं. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. ताई तेव्हा वीस वर्षांची होती, तिचं लग्न ठरलेलं होतं. तिने निरोप पाठवला, मला एक मूल आहे, पदरी घ्याल का? तिकडून उत्तर आलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून ती मशीनवर बसली. दर वर्षी भावाच्या चड्डीची शिवण उसवायची, विजारीची दुमड सोडायची, आणि मनोमन फुलायची... वाढतोय माझा पोर! त्या घरात दुसरं आनंदाचं काही नव्हतंच. पोराच्या घोट्यावर विजार आखूड झाली की तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

त्या वेड्या, प्रेमळ हातांनी अर्धा इंच सोडला. मग आणखी अर्धा. शिवणीतलं जादा कापड संपलं तेव्हा जुन्या ठाणाच्या तुकड्यातून पट्ट्या बेतल्या. पँट धुवायची, इस्त्री करायची तीही तिनेच, म्हणजे दुसरा हात लागायला नको. तिच्या हातची दुरुस्ती अशी की कापडालासुद्धा वाटावं, आपण जन्मतःच एवढे रुंद. अडतीसची कंबर सेहेचाळीस झाली, आणि बटण रोज बिनबोभाट लागत राहिलं.

"डॉक्टर काय म्हणाले सांगू?" भावजय पुढे म्हणाली. "म्हणाले, बाहेर दिसते ती चरबी अर्धीच. बाकीची पोटाच्या आत, यकृतात जाऊन बसते. मग साखर चढते, दाब चढतो, रक्तवाहिन्या आतून खडबडीत होतात, आणि एक दिवस गाठ अडकते, हृदयात नाहीतर डोक्यात. म्हणाले, हा झटका कालचा नाही, बाई, पाच-सहा वर्षांचा आहे. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या, थोडं वजन उतरलं असतं, तर कदाचित टळलाही असता." ती थांबली. "एकच सांगा. त्यांना माहीत होतं?"

ताईने पायडलवरचा पाय खाली घेतला. खरं सांगावं, तर ह्या बाईला कळेल की नवऱ्याने सहा वर्षं रोज सकाळी तिच्या डोळ्यांदेखत फसवलं. आणि आता त्याच नवऱ्याला तिला भरवायचं होतं, पुसायचं होतं, कुशीवर वळवायचं होतं. मनात राग ठेवून ते कसं होणार?

"नाही," ताई म्हणाली. "त्याला कुठलं ठाऊक? मीच करत होते. त्याचं लोकांत हसू होऊ नये म्हणून."

भावजयीने मान हलवली, जशी एखादी जुनी शंका खरी ठरावी तशी. "लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. तुम्ही त्यांना माझ्या हाती कधी दिलंच नाही. आता मात्र माझ्या हाती राहू द्या, जेवढे उरलेत तेवढे. इस्पितळात येऊ नका."

ताई गेली नाही. तिने फक्त शर्ट शिवले, बटणांऐवजी डाव्या बाजूला चिकटपट्टी लावलेले, एका हाताने उघडता येतील असे, आणि वॉर्डच्या शिपायाकडे देऊन आली. भावजयीने टाके ओळखले. शर्ट परत पाठवले नाहीत, पण निरोपही आला नाही.

महिन्याभराने भाऊ घरी आला. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. सगळ्या शब्दांतून एकच उरला होता, "मी". पाणी हवं असलं तरी "मी", दुखलं तरी "मी".

एका सकाळी कपाट आवरताना ती चिरलेली पँट निघाली. भावजय ती कचऱ्यात टाकत पुटपुटली, "वन्संनी घात केला आपला." झालं! भाऊ डाव्या हाताने छातीवर धपाधप मारायला लागला. "मी... मी... मी..." घामाने निथळला. तिने घाबरून रुग्णवाहिका बोलावली. हृदयाचा आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहेच, दाबाखाली राबून राबून जाड झालंय, पण नवीन काही नाही. चार दिवसांनी पुन्हा वन्संचं नाव, पुन्हा छातीवर हात, पुन्हा रुग्णवाहिका. तिसऱ्या खेपेला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हरच म्हणाला, "वहिनी, ह्यांचं दुखत नाहीये हो. हे काहीतरी सांगताहेत."

ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली. "पँटचं? तुम्हाला माहीत होतं?"

भावाने छातीवर हात ठेवला. ह्या वेळी मारला नाही.

"तुम्हीच सांगितलंत वन्संना?"

"मी," भाऊ म्हणाला, आणि अर्धाच चेहरा रडला. दुसरा अर्धा दगडासारखा निश्चल होता.

त्या दिवशी तिने त्याला भरवलं नाही, शेजारणीने भरवलं. ताईची भीती काही अगदीच खोटी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वाटी हातात घेतली, आणि तिसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात उभी राहिली.

"खोटं का बोललात?"

"तुला त्याचं सगळं करायचं होतं ना," ताई म्हणाली.

"राग आला तरी करतेच आहे. आधीही केलं असतं." भावजय दारातून आत आली. "ह्या घरात सगळे एकमेकांना जपतात, वन्सं, आणि कुणीच कुणाला काही सांगत नाही. तुम्ही जपलंत, त्यांनी जपलं, मी बटणाकडे बघून गप्प बसले. बघा काय जपून राहिलं ते."

ताई उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा भावजयीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली... अठ्ठावन्न वर्षांचं रडणं, आवाज न करता. भावजयीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागली.

"चला," तिने डोळे पुसले. "मी आज दवाखान्यात चाललेय. माझंही पोट सुटलंय, दिवसभर तिकीट खिडकीत बसून. तुम्हीही चला."

"मी? अगं, वारा सुटला की मला दोरीवर चिमटा लावावा लागतो. मला कसला आजार?"

"बाप तुमचाही होता ना?"

दवाखान्यात भावजयीने आधी नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं सगळं सांगितलं. तिचा दाब थोडा वर निघाला, साखर काठावर. आजपासून चालायचं, गोड तोडायचं, तीन महिन्यांनी यायचं. मग नर्सने पट्टा ताईच्या काटकुळ्या दंडाला गुंडाळला, तो दोनदा फिरून आला. नर्सने हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मग दुसरं यंत्र घेऊन आली. डॉक्टर स्वतः उठून आले आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"कधी चक्कर? डोकं जड?"

"सकाळी सकाळी असतं," ताई म्हणाली. "झाली दोन-तीन वर्षं. मला वाटलं, शिवून शिवून होत असेल."

"एकशे शहाण्णव," डॉक्टर म्हणाले. "बारीक माणसाला होत नाही असं सगळ्यांना वाटतं. घराण्यात आहे, त्यात वर्षानुवर्षं एकाच जागी बसणं, काळजी. आज भाऊ पडलाय, उद्या तुम्ही पडाल. गोळी आजच सुरू करायची."

बाहेर आल्यावर ताईने चिठ्ठीची बारीक घडी घातली, आणखी एक घातली, आणि ती मुठीत दडवली.

"एवढं त्याच्या कानावर घालू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "आधीच अर्धा झालाय."

भावजयीने तिची मूठ उघडली, चिठ्ठी काढून घेतली, घड्या एकेक करून उलगडल्या.

"घरी गेल्या गेल्या सांगणार," ती म्हणाली. "आकड्यासकट. आणि तुम्ही शेजारी बसायचं."